वीज पुरवठादार बदलताय? दर सगळ्यात शेवटी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मध्यम आकाराचा छपाईचा कारखाना, शेजारी वेगळ्या मीटरवर गोदाम. वीजबाजार खुला असल्यामुळे पुरवठादार निवडायची मुभा आहे. चालू करार पाच महिन्यांनी संपतोय. दलालांचे फोन रोज येतात आणि त्यातला एक 'आत्ताच्या दरापेक्षा १४ टक्के स्वस्त, पण आज संध्याकाळपर्यंतच' म्हणून मागे लागलाय. बदलावं का, बदलताना वीज जाईल का, आणि तपासायचं काय?

सतरा वर्षं मी कारखाने, हॉटेलं, शीतगृहं यांच्या वतीने वीजखरेदीचे करार करतोय. त्याआधी तीन वर्षं एका पुरवठादाराच्या विक्री विभागात होतो, म्हणजे असे फोन करणाऱ्यांत मीही होतो. दोन्ही गावचं पाणी प्यालोय, त्यामुळे उत्तर लांबेल.

पहिली शंका लगेच मिटवतो. वीज जाणार नाही, एक मिनिटही नाही. तारा, खांब, रोहित्रं वितरण कंपनीची असतात आणि ती कंपनी काही बदलत नाही. टेक्सासमध्ये पुरवठादार कोणताही घ्या, डॅलसच्या भागात तारा ऑन्कोरच्याच आणि ह्यूस्टनच्या भागात सेंटरपॉइंटच्याच. केबल जळाली तर दुरुस्तीला माणूस वितरण कंपनीचा येतो, तुमचं बिल कोण पाठवतं याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. पुरवठादार बदलणं म्हणजे एका नोंदीत तुमच्या मीटर क्रमांकासमोरचं नाव बदलणं, आणि त्या दिवशीचं रीडिंग घेणं. सगळ्यांची वीज एकाच हौदातून येते. ब्रिटनमध्ये जुलै २०२२ पासून धंद्याच्या जोडणीला हा बदल साधारण पाच कामाच्या दिवसांत होतो. युरोपीय संघाने तर २०१९ च्या निर्देशात २०२६ पर्यंत हे काम २४ तासांच्या आत व्हायला हवं असं लिहून ठेवलं. तेव्हा बदलण्याची प्रक्रिया ही डोकेदुखी नाही. डोकेदुखी कागदात असते.

कागदात काय असतं ते कळायला पुरवठादार नेमकं काय विकतो ते बघू. घाऊक बाजारात विजेचा भाव दर अर्ध्या तासाला, काही ठिकाणी दर पाच मिनिटांनी बदलतो. तुम्हाला मात्र पुरवठादार तीन वर्षांसाठी एक आकडा लिहून देतो. मधला चढउतार कोणी सोसायचा, एवढाच खरा सौदा. तारा त्याच, वीज तीच, मग एकाचा दर दुसऱ्यापेक्षा १४ टक्क्यांनी खाली कसा? कधी कधी खरंच बाजार उतरलेला असतो, तुमचा जुना करार चढत्या बाजारात झालेला असतो, आणि मग फरक प्रामाणिक असतो. पण त्याच दिवशी चार पुरवठादारांकडून भाव मागवले आणि त्यात एकच जण बराच खाली दिसला, तर समजायचं की जोखमीचं एखादं गाठोडं त्याने हळूच तुमच्या डोक्यावर ठेवलंय. ते गाठोडं कुठलं, हे शोधलं की निवड आपोआप होते.

आता तुमचे १४ टक्के घेऊ. कशाचे १४ टक्के? बिल उघडा. त्यात वीज आकार वेगळा, वहन आकार वेगळा, मागणी आकार (तुमच्या सर्वाधिक भारावर लागणारा) वेगळा, अधिभार आणि कर वेगळे. पुरवठादाराच्या हातात फक्त वीज आकार असतो, बाकीचं नियामक किंवा सरकार ठरवतं आणि ते सगळ्यांना सारखं. हिशोबाला सोपं म्हणून धरू की तुमचं बिल १०० आहे आणि त्यात वीज आकार ५५. त्याचे १४ टक्के म्हणजे ७.७. म्हणजे १४ टक्क्यांची जाहिरात बिलावर पोचेपर्यंत पावणेआठ टक्क्यांची होते. हे काही फसवणुकीत मोडत नाही, पण मालकाच्या डोक्यात १४ बसलेलं असतं.

खरी गंमत पुढे आहे. समजा तुमच्या जुन्या करारातल्या त्या ५५ मध्ये क्षमता शुल्क (गरजेला वीजकेंद्रं तयार ठेवायचे पैसे), वहनातली तूट, ग्रिडचा तोल सांभाळायचा खर्च असं सगळं मिळून ८ धरलेलं होतं. नव्या प्रस्तावात दर ४७.३, पण खाली बारीक अक्षरात 'क्षमता व संतुलन खर्च प्रत्यक्षाप्रमाणे'. ४७.३ अधिक ८ म्हणजे ५५.३. चौदा टक्के स्वस्त म्हणून घेतलेला करार जुन्यापेक्षा कणभर महागच पडला. आणि ते ८ उद्या १२ झाले तर वाढलेले ४ तुमचे.

असं होतं का? अमेरिकेत पीजेएम नावाचं ग्रिड आहे, १३ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी एवढा त्याचा पसारा. तिथे वीजनिर्मितीची क्षमता राखून ठेवायचा भाव लिलावात ठरतो. २०२४-२५ या वर्षासाठी तो बहुतेक भागात दर मेगावॅटला दर दिवशी २८.९२ डॉलर होता. २०२५-२६ साठी २६९.९२ डॉलर निघाला. नऊ पटींहून जास्त. त्याच्या पुढच्या वर्षासाठी ३२९.१७. ज्या धंद्यांच्या करारात क्षमता शुल्क 'प्रत्यक्षाप्रमाणे' होतं, त्यांचा ठरलेला दर जागच्या जागी राहिला आणि बिल मात्र वाढलं. ज्यांनी सर्वसमावेशक दर घेतला होता, त्यांच्या वतीने पुरवठादाराने तो फटका सोसायचा होता. 'सोसायचा होता' असं म्हणतोय कारण काही करारांत 'कायदा किंवा नियम बदलल्यास दर सुधारता येईल' असं एक कलम असतं आणि पुरवठादार अशा वेळी तेच कलम घेऊन येतात. सर्वसमावेशक म्हटलेल्या करारातही हे कलम किती रुंद लिहिलंय ते वाचा. 'नियामकाने नवा आकार लावल्यास' इथपर्यंत ठीक. 'बाजारस्थितीत लक्षणीय बदल झाल्यास' असं असेल तर त्या स्थिर दराला स्थिर म्हणण्यात अर्थ नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. क्षमता शुल्क सरसकट स्वतःकडे घेणं वाईट नाही. पीजेएममध्ये ते तुमच्या वाट्याला किती येणार हे उन्हाळ्यातल्या ग्रिडच्या पाच सर्वोच्च तासांत तुम्ही किती भार ओढत होता यावर ठरतं. टेक्सासमध्ये मोठ्या ग्राहकांचं पारेषण शुल्क जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतल्या प्रत्येकी एका शिखर पाव तासावर ठरत आलंय. ज्याला भर उन्हाळ्यातल्या दुपारी एक छपाई यंत्र दोन तास थांबवता येतं, त्याने हे गाठोडं मुद्दाम मागून घ्यावं. कारण सर्वसमावेशक दरात पुरवठादार सरासरी धरतो आणि तुमच्या शहाणपणाचा फायदा त्याच्या खिशात जातो. ज्याची यंत्रं चोवीस तास अखंड चालतात, त्याने त्या वाटेला जाऊ नये. तुमची छपाई ऑर्डरवर चालते की सलग, हे तुम्हालाच माहीत. म्हणून म्हणतो, दर शेवटी बघा.

तर दलालाला किंवा पुरवठादाराला ईमेलने, फोनवर नाही, एवढंच विचारा: या दरात काय काय धरलेलं नाही, आणि करार चालू असताना कोणत्या कारणांनी तुम्ही दर बदलू शकता? सरळ उत्तर द्यायला दहा ओळी पुरतात. उत्तराऐवजी पुन्हा फोन आला तर तेच उत्तर समजा.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. तुमच्या मीटरची अर्ध्या किंवा पाव तासाची वर्षभराची नोंद मागवा. ती तुमची आहे, वितरण कंपनी किंवा सध्याचा पुरवठादार ती द्यायला बांधील असतो, आणि स्प्रेडशीटमध्ये येते. बहुतेक मालक ती कधीच उघडत नाहीत, सरळ दलालाकडे पाठवून देतात. उघडा. आठवडाभराचा आलेख काढा आणि रविवारी रात्री दोन वाजता काय चाललंय ते बघा.

एका प्लास्टिकच्या कारखान्यात मी असाच आलेख काढला होता. सोमवार ते शनिवार डोंगर, रविवारी सपाट मैदान. पण मैदान शून्यावर नव्हतं, ३८ किलोवॅटवर होतं. कारखाना बंद, पहारेकरी एकटा, मग ३८ किलोवॅट कोण खातंय? आम्ही रविवारी जाऊन उभे राहिलो. दर चार मिनिटांनी कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. हवेच्या पाइपाला तीन ठिकाणी गळती होती आणि तो गळणारी हवा भरत बसला होता. त्याचा वाटा सरासरी २२ किलोवॅट निघाला. आठवड्याचे ६० बंद तास धरले तर वर्षाला ६८ हजार युनिटांच्या वर. मालक ज्या दरकपातीसाठी तीन महिने घासाघीस करत होता, तिच्यातून एवढं वाचणार नव्हतं.

पुरवठादारही हाच आलेख बघून दर देतो, ही त्याची दुसरी बाजू. महिन्याला ७२ हजार युनिटं वापरणाऱ्याचा सरासरी भार ७२० तासांत १०० किलोवॅट येतो. त्याची कमाल मागणी २५० असेल तर भारांक, म्हणजे सरासरी भागिले कमाल, ४० टक्के. सकाळी नऊला दोन्ही यंत्रं, ड्रायर आणि वातानुकूलन एकाच वेळी चालू केलं की आलेखात सुळका उभा राहतो, आणि सुळक्याची वीज घाऊक बाजारातही महाग. ही यंत्रं वीस-वीस मिनिटांच्या अंतराने सुरू केली तर मागणी आकारही उतरतो आणि पुढच्या वेळी भाव मागताना तुमचा चेहराही बरा दिसतो. आणि भाव मागाल तेव्हा सगळ्यांना हीच फाइल द्या, एकाच दिवशी द्या, एकाच मुदतीसाठी भाव मागा. सोमवारचा एकाचा भाव आणि गुरुवारचा दुसऱ्याचा, ही तुलनाच होत नाही, कारण मधे बाजार हललेला असतो.

खपाच्या मर्यादेचं कलम. हे मी स्वतः नोकरीत असताना ग्राहकाला आपणहून कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे आता जरा जास्तच सांगतो. करारात तुमचा अंदाजे वार्षिक खप लिहिलेला असतो आणि शेजारी 'अधिक-उणे १० टक्के' असं काहीतरी. समजा खप १० लाख युनिटं लिहिलाय. दुसऱ्या वर्षी तुम्ही छतावर सौर पॅनल बसवले आणि खप ८ लाखांवर आला. मर्यादा ९ लाखांची. मधली १ लाख युनिटं पुरवठादाराने तुमच्यासाठी आधीच घेऊन ठेवलेली असतात, ती त्याला बाजारात परत विकावी लागतात. घेतली १० च्या भावाने आणि विकली ६ ने, तर युनिटमागे ४ चा तोटा तुमच्या बिलात. सौर पॅनलची बचत आणि हा दंड एकाच महिन्यात हातात आलेला माणूस मी पाहिलाय. २०२० च्या टाळेबंदीत तर माझ्या दोन हॉटेलवाल्या ग्राहकांना न वापरलेल्या विजेची बिलं आली. खोल्या रिकाम्या होत्या, घाऊक भाव पडलेले होते, म्हणजे मर्यादा मोडायला आणि तोटा व्हायला एकच वेळ साधली गेली. दोघांपैकी एकाचा करार मीच केला होता. त्यानंतर मी हे कलम काढून टाका किंवा २५ टक्के करा असा आग्रह धरतो. थोडा दर वाढतो, वाढू दे. पुढच्या तीन वर्षांत नवं यंत्र, जादा पाळी, सौर, गोदाम सोडणं यांपैकी काहीही डोक्यात असेल तर ते करारावर सही करण्याआधी सांगा.

बाजारभावाशी बांधलेला दर घ्यावा का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पाच महिन्यांत कोणीतरी ते घेऊन येईलच. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमवादळ आलं, वीजकेंद्रं बंद पडली आणि घाऊक भाव जवळजवळ चार दिवस कमाल मर्यादेवर, म्हणजे मेगावॅट-तासाला ९,००० डॉलरवर, अर्थात युनिटला ९ डॉलरवर अडकून राहिला. ग्रिडी नावाची कंपनी घाऊक भाव जसाच्या तसा ग्राहकाला लावायची. तिच्या ग्राहकांना हजारो डॉलरची बिलं आली आणि मार्चमध्ये ती दिवाळखोरीत गेली. वर्षानुवर्षं त्याच ग्राहकांना शेजाऱ्यापेक्षा स्वस्त वीज मिळत होती, हेही तितकंच खरं. यंत्र बंद ठेवायची सोय आणि चार वाईट दिवस पचवायची रोकड, दोन्ही असेल तरच या वाटेने जा. छपाईत वेळेवर माल द्यायचा असतो, तुमच्यासाठी ही वाट नव्हे असं माझं मत.

मुदत आणि तारीख. पाच महिने हातात आहेत हे उत्तम आहे. पहिलं काम, चालू करारात सोडचिठ्ठीची नोटीस किती दिवस आधी द्यायची ते काढा. तीस, साठ, नव्वद, काहीही असू शकतं, आणि काही करारांत नोटिशीची 'खिडकी' असते. तिच्या आधी दिली तरी चालत नाही आणि नंतर दिली तरीही. ही तारीख चुकली की दोनपैकी एक होतं. करार आपोआप पुढे सरकतो, किंवा तुम्ही करारबाह्य दरावर जाता, जो जवळपास नेहमीच सगळ्यात महाग असतो. खिडकी नसेल तर नोटीस आजच देऊन टाका, असेल तर ती उघडेल त्या दिवशी. नोटीस म्हणजे सोडून जाणं नव्हे. नंतर त्याच पुरवठादाराबरोबर नवा करार करायला कोणी अडवत नाही. उलट नोटीस मिळाली की त्यांच्याकडून बरा भाव निघतो. हे मी आतून पाहिलंय: गप्प बसलेल्या ग्राहकाला एक भाव आणि नोटीस दिलेल्याला दुसरा.

तारखेचं महत्त्व २०२२ ने शिकवलं. ऑगस्टमध्ये युरोपात वायूचा घाऊक भाव मेगावॅट-तासाला ३०० युरोच्या वर गेला आणि विजेने त्याच्यामागे धाव घेतली. ज्यांचा करार नेमका त्या वेळी संपत होता त्यांनी काही चूक केली नव्हती, फक्त तारीख वाईट होती. ब्रिटनमध्ये सरकारला १ ऑक्टोबर २०२२ पासून धंद्यांच्या बिलांना आधार देणारी योजना आणावी लागली. पण घाबरून त्या वेळी तीन वर्षांचा करार केलेले लोक बाजार उतरल्यावरही त्याच दरात अडकून राहिले. म्हणून कारखाना आणि गोदाम या दोन मीटरांचे करार एकाच दिवशी संपू देऊ नका. कारखान्याचा दोन वर्षांचा घ्या, गोदामाचा एक. खप खूप मोठा असला तर वीज टप्प्याटप्प्याने विकत घेता येते, आज चौथा हिस्सा, तीन महिन्यांनी आणखी एक. तुमच्या आकाराला ती सोय मिळेलच असं नाही, पण विचारायला काय जातं.

दलालाबद्दल. 'आज संध्याकाळपर्यंत' हे निम्मं खरं असतं. घाऊक भाव रोज हलतो, त्यामुळे पुरवठादार भाव काही तासांपुरताच धरून ठेवतो. पण उद्या सकाळी दुसरा भाव मिळतोच, कधी थोडा वर, कधी थोडा खाली. घाईने होणारा तोटा त्या थोड्यापेक्षा मोठा असतो. फोनवर 'हो, चालेल' असं म्हणू नका. ब्रिटनसारख्या ठिकाणी फोनवरची संमती धंद्यासाठी पक्का करार ठरते, आणि घरगुती ग्राहकाला मिळते तशी विचार बदलायची मुदत धंद्याला कायद्याने मिळत नाही. संरक्षणाच्या बाबतीत बहुतेक बाजारांत लहान धंदा आणि मोठा धंदा यांत रेघ ओढलेली असते: ब्रिटनमध्ये वर्षाला १ लाख युनिटांपर्यंत वीज वापरणारा सूक्ष्म धंदा समजला जातो, टेक्सासमध्ये ५० किलोवॅटच्या खालचा लहान. रेघेच्या वर असाल तर तुम्ही जाणकार आहात असं गृहीत धरलं जातं. जाणकार असा वा नसा.

दलालाचं कमिशन सहसा तुमच्या दरातच घातलेलं असतं. हिशोब करा: दराच्या ५ टक्के जरी असलं तरी तीन वर्षांच्या करारात ते एका वर्षाच्या वीज आकाराच्या १५ टक्के, म्हणजे जवळपास दोन महिन्यांचा वीज आकार. लांब मुदतीचा करार तो का सुचवतो हे यातून कळेल. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून पुरवठादाराला सगळ्या धंदेवाईक ग्राहकांपुढे हे कमिशन उघड करावं लागतं. तुमच्याकडे सक्ती असो वा नसो, विचारा, आणि उत्तर युनिटमागे किती अशा आकड्यात घ्या. चांगला दलाल उपयोगी असतो, मी त्यांना नावं ठेवत नाही (मी स्वतः ठराविक फी घेतो, म्हणजे मीही त्याच आळीतला). त्याला जे अधिकारपत्र द्याल त्यात 'फक्त खपाची माहिती आणि भाव मागवण्यासाठी' असं स्पष्ट लिहा आणि संपण्याची तारीख घाला. 'ग्राहकाच्या वतीने करार करण्यासह' हे शब्द छापील नमुन्यात असतात. ते खोडून सही करा.

पुरवठादाराची प्रकृती बघावी का? बघावी, पण घाबरू नये. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर ब्रिटनमध्ये वर्षभरात सुमारे तीस पुरवठादार बुडाले. स्वस्त दर लिहून दिले होते आणि त्या मानाने वीज आधी घेऊन ठेवली नव्हती. बल्ब नावाच्या कंपनीकडे १५ लाखांच्या आसपास ग्राहक होते, तिला नोव्हेंबरमध्ये सरकारी देखरेखीखाली घ्यावं लागलं. त्या सगळ्या पडझडीत पुरवठादार बुडाला म्हणून कोणाची वीज गेली नाही. नियामकाने ग्राहक दुसऱ्या पुरवठादाराकडे वळवले. पण ठरलेला स्वस्त दर गेला, आणि नवा दर त्या दिवसाच्या बाजाराचा. धंद्याने भरलेली अनामत परत मिळवायला वेगळी धावपळ. म्हणून अनामत मागितली तर रोख देण्याऐवजी बँक हमी चालेल का ते विचारा.

हरित विजेचा दाखला हवा असेल तर तो कागदी प्रमाणपत्रावर मिळतो, तारेतून नाही. ग्राहकांना दाखवायला लागत असेल तर घ्या, नाहीतर त्याचे पैसे दरात मोजू नका.

बदल अडतो तो बहुधा दोन कारणांनी. जुन्या पुरवठादाराची थकबाकी असेल, मग ती वादातली का असेना, तो हरकत घेऊ शकतो. जुनी भांडणं या पाच महिन्यांत मिटवा. दुसरं, मीटर क्रमांक. पत्ता एक आणि मीटर दोन असले की घोळ ठरलेला. ब्रिटनमध्ये हा क्रमांक १३ आकडी असतो, टेक्सासमध्ये १७ किंवा २२ आकडी. एक आकडा इकडचा तिकडे झाला की शेजाऱ्याचं मीटर तुमच्या नावावर येतं. करारावरचा क्रमांक मीटरवरच्या आणि जुन्या बिलावरच्या क्रमांकाशी, दोन्ही मीटरांसाठी, स्वतः उभं राहून जुळवा. बदलाच्या दिवशी दोन्ही मीटरांचे फोटो काढा, रीडिंग आणि मीटरचा क्रमांक एकाच चौकटीत येतील असे. जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग एकच असलं पाहिजे. अंदाजे रीडिंग टाकलेलं दिसलं तर फोटो पाठवून त्याच महिन्यात दुरुस्त करून घ्या.

आणि पहिलं बिल. एका हॉटेलचा पुरवठादार आम्ही बदलला. मालक दुसऱ्याच महिन्यात खुशीत फोन करून म्हणाला, बिल निम्म्यावर आलं. मी दर ठरवला होता, निम्मं होणं शक्यच नव्हतं, पण मीही तेव्हा कामाच्या गर्दीत होतो आणि कौतुक कोणाला नको असतं. नवव्या महिन्यात पुरवठादाराचं पत्र आलं. मीटरला सीटी होते (मोठा प्रवाह मोजता यावा म्हणून तो ठराविक प्रमाणात लहान करून मीटरला देणारी छोटी रोहित्रं), ४०० ला ५ या प्रमाणाचे, म्हणजे मीटरवरचा आकडा ८० ने गुणायचा. नव्या पुरवठादाराच्या नोंदीत गुणक अवयव ४० पडला होता. आठ महिन्यांची निम्मी वीज एकरकमी मागितली होती, आणि मागणी बरोबर होती. हप्ते बांधून घेतले, पण मालकाने त्या वाचलेल्या पैशातून स्वयंपाकघर आधीच नवं केलं होतं.

तुमच्या कारखान्याचं मीटरही सीटीवरच असणार. जुन्या बिलावर गुणक अवयव किती छापलाय तो आजच लिहून ठेवा, आणि नव्या पुरवठादाराचं पहिलं बिल आलं की आधी तो आकडा जुळवा, मग दर.